वडिलांच्या पद्मिनीला डिस्क ब्रेक बसवण्याआधी

प्रश्न कोलशेतहून आलाय. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची, बरीच वर्षं बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. इंजिन झालं, रंग झाला, आता चालवायला काढली तर ब्रेकवर नुसतं उभं राहावं लागतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि घोडबंदर रोडला पेव्हर ब्लॉकवरून गेली की पुढून खडखडते. मेकॅनिकनं तीन कामं सुचवलीत: पुढे मारुती ८०० च्या डिस्क, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंग, आणि गाडी दोन इंच खाली. पावसाळा संपला की घरच्यांना घेऊन लोणावळा आणि नाशिक करायचंय. हे करावं का, आणि आरटीओत अडकेल का, असं विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. डिस्कला माझी हरकत नाही, पण तिचा नंबर तिसरा. पहिला पैसा आहे ते ब्रेक पूर्ववत करण्यावर आणि दोन सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलच्या जोरानं चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरवर, घाला. दुसरा टायर, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ), बुश (सांध्यांतली रबरं) आणि शॉकअपवर. एवढं झालं की महिनाभर गाडी चालवा. त्यानंतरही डिस्क हवीशी वाटली तर जरूर बसवा, फक्त मारुती ८०० ची नको. मागे कॉइल आणि गाडी खाली करणं, हे दोन्ही डोक्यातून काढून टाका.

ड्रम ब्रेकला, म्हणजे फिरत्या ड्रमवर आतून लायनिंग लावलेले शू दाबणाऱ्या ब्रेकला, उगाच शिव्या बसतात. चांगल्या अवस्थेतला पद्मिनीचा ड्रम ब्रेक साठच्या वेगात चारही चाकं लॉक करू शकतो. चाक लॉक होतंय याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे. तिथून पुढे डिस्क लावा नाहीतर आणखी काही, तो एक ब्रेक काही आखूड होणार नाही, कारण गाडी शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणानं थांबते. कोरड्या डांबरावर ०.७ इतकं घर्षण धरलं तर ६० च्या वेगाला सुमारे २० मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ०.४ धरलं तर ३५. यात तुमचा पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद नाही. त्या सेकंदात गाडी आणखी १७ मीटर गेलेली असते. म्हणून पहिला प्रश्न ‘डिस्क की ड्रम’ हा नाहीच. तुमचे ब्रेक आज चाक लॉक करू शकतात का, हा आहे. तुमच्या वर्णनावरून नाही. म्हणजे बिघाड आहे, आणि बिघाडावर अपग्रेड चढवला की बिघाड तसाच खाली राहतो.

मग डिस्कचा फायदा कुठे? घाटात. हा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. पद्मिनी रिकामी नऊशे किलोच्या आसपास, चार माणसं आणि सामान धरून बाराशे. ६० च्या वेगात थांबवताना ब्रेकला साधारण १६७ किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. ८० ला तीच २९६, म्हणजे वेग एक तृतीयांशानं वाढला आणि उष्णता पाऊणपट जास्त झाली. आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरा. उंचीतला फरक सुमारे साडेपाचशे मीटर. बाराशे किलोची गाडी एवढी खाली आणताना साडेसहा हजार किलोज्यूलच्या घरात ऊर्जा बाहेर पडते. ६० च्या वेगातून जवळपास चाळीस वेळा लागोपाठ गाडी थांबवल्यासारखं झालं हे. यातला मोठा वाटा इंजिन घेतं, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे काका सगळं ड्रमवर टाकतात. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, लायनिंगचं घर्षण उतरतं आणि पेडल खाली जायला लागतं. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकून पुढे निघालात आणि दोन वळणांनी पेडल सैल लागला, तर तो हाच प्रकार. डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड पकडतात ती तबकडी, उघड्यावर असते, वारा लागतो, तापली तरी पॅडपासून लांब जात नाही. साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावरही ती लवकर कोरडी होते. ड्रममध्ये पाणी शिरलं तर पुढचे दोनशे-तीनशे मीटर हलका ब्रेक धरून गाडी चालवावी लागते तेव्हा कुठे पकड परत येते.

तेव्हा घाट वारंवार करणार असाल तर डिस्कला अर्थ आहे. रविवारी सकाळी पाम बीच रोडला फेरी आणि वर्षातून एकदा लोणावळा, एवढाच वापर असेल तर नीट केलेला ड्रम आणि दुसरा गिअर पुरतो.

आता ‘डावीकडे ओढते’ याकडे. डावीकडे ओढते म्हणजे बिघाड डावीकडेच असं समजू नका. उजवा व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) जाम झाला असेल तर एकटं डावं चाक ब्रेक लावतं आणि गाडी डावीकडे जाते. गॅरेजला जायच्या आधी हे घरी तपासता येतं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढचा भाग जॅकवर उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. मग कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. पेडल सोडल्यावरही चाक अडकून राहिलं तर व्हील सिलिंडरचा एअर काढायचा निपल पाव फेरा सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहतोय. निपल घट्ट करून तोच प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी रबरी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडच्या पाइपचा जॉइंट सैल करा. इथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे. इथे सुटलं नाही आणि निपललाच सुटलं तर होज आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण स्प्रिंगच्या जोरावर ते परत येत नाही. आणि निपल उघडूनही चाक सुटलंच नाही, तर शू किंवा पिस्टन गंजून धरलाय, ड्रम खोलावाच लागेल. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत मी या तिन्ही गोष्टी एकत्र बघितल्या आहेत, त्यामुळे एक सापडली म्हणून थांबू नका.

ड्रम खोलताना एक सावधगिरी, जी आपल्याकडे कोणी पाळत नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करायची सवय फुफ्फुसांसाठी घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर चांगला मास्क लावा. पोरगं शेजारी उभं राहून बघत असेल तर त्याला आधी लांब पाठवा.

व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा. खड्डे लागले तर नुसतं रबर किट टाकून काही होणार नाही, महिनाभरात पुन्हा गळेल. नवा सिलिंडर मिळाला तर उत्तम, नाहीतर वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत चांगला लेथवाला गाठून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घेता येते. काम जोडीनंच करायचं, डावं-उजवं दोन्ही. ड्रमला ओठ आला असेल किंवा चरे पडले असतील तर लेथवर कट मारा, पण मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि लंबगोल होतो, मग पेडल पायाखाली थरथरतो.

आता बहुतेक ठिकाणी जे राहून जातं ते सांगतो. ड्रमला कट मारला की त्याचा व्यास वाढतो. लायनिंग मारून आणलेला शू मात्र जुन्याच गोलाईचा असतो. तो फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं हवेत. मालकाला वाटतं नवं लायनिंग आहे, मग ब्रेक असा दगडासारखा का लागतो? कारण एक तृतीयांश लायनिंगच काम करतंय. साध्या खडूनं हे बघता येतं. लायनिंगवर पूर्ण लांबी खडू घासा, ड्रम बसवा, हलका ब्रेक धरून चाक दोन फेरे फिरवा, ड्रम काढा. खडू जिथे पुसला गेलाय तिथेच लायनिंग टेकतंय. मधला पट्टाच पुसला गेला असेल तर शू ड्रमच्या गोलाईला घासून आणा. लायनिंगच्या दुकानात हे काम होतं, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही. खडू बऱ्यापैकी टोकापासून टोकापर्यंत पुसला जाईस्तोवर समाधान मानू नका. तुमचं ‘ब्रेकवर उभं राहावं लागतं’ हे अर्धं इथेच मिटेल असा माझा अंदाज आहे.

पाइप सगळे बदला. ठाण्याची हवा खाडीची, वर्षातले चार महिने पाऊस, आणि पाइप जातात फ्लोअरच्या खालून, जिथे चिखल साचतो. एसीवाल्याकडची साधी तांब्याची नळी कोणी वापरत असेल तर त्याला तिथेच थांबवा. ती कंपनानं कडक होते आणि फ्लेअरपाशी (पाइपच्या पसरवलेल्या टोकाशी) तडकते. स्टीलची ब्रेक पाइप किंवा तांबं-निकेल मिश्रधातूची वापरा. फ्लेअर दुहेरी आहे की बुडबुड्याच्या आकाराचा, हे जुन्या पाइपवरून बघून तसाच मारून घ्या. आटेही तपासा. दहा मिलिमीटरचा मेट्रिक आणि तीन-अष्टमांश इंचाचा अमेरिकन नट डोळ्याला सारखेच दिसतात, एकमेकांत दोन-तीन आटे जातातही, आणि जोराच्या ब्रेकला निसटतात. अ‍ॅम्बॅसेडरचा नट पद्मिनीला ‘बसला की’ म्हणणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधा.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या, मी डॉट ४ घालतो. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. दर दोन वर्षांनी बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर. अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर नव्या रंगाचा पापुद्रा निघेल. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल चुकूनही नको, सगळी रबरं फुगून बसतील.

आता मास्टर सिलिंडर. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी, साठच्या दशकातलं डिझाइन. त्यात ब्रेकचं एकच सर्किट. तुमच्या गाडीत बघा: ऑइलच्या टाकीला एकच कप्पा आणि पुढच्या-मागच्या चारही चाकांना एकाच ठिकाणाहून ऑइल जात असेल, तर एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. मग हातात फक्त हँडब्रेक. टँडम मास्टर सिलिंडरमध्ये पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असतं. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं, लांब थांबवतं पण थांबवतं. मुंब्रा बायपासच्या उतारावर कंटेनरच्या मागे असताना या फरकाचं मोल कळतं. लोक डिस्कवर पैसे घालतात आणि सिलिंडर एकेरीच ठेवतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

टँडम निवडताना बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, बघा. ‘मोठा सिलिंडर, मोठा ब्रेक’ हा गैरसमज आहे. १९ मिलिमीटरच्या जागी २२.२ चा बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे त्याच पायाच्या जोरात दाब सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. पेडल कडक आणि आखूड लागतो, ‘वा, काय टाइट ब्रेक झाला’ म्हणून मालक खूश होतो आणि गाडी थांबायला मात्र जास्त जोर लागतो. ड्रम ठेवणार असाल तर मूळच्या बोअरच्या जवळचाच घ्या. पुशरॉडला (पेडल आणि पिस्टन यांच्यातल्या दांड्याला) किंचित मोकळीक ठेवा, दीडेक मिलिमीटर. अजिबात ठेवली नाही तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि गाडी चालता चालता ब्रेक आपोआप धरायला लागतात.

तर डिस्क. फियाटनं स्वतः १९६६ मध्ये ११०० आर काढली तेव्हा पुढे डिस्क दिल्या, आपल्याकडे मात्र जुनी ११०० डीच पुढे चालू राहिली. म्हणजे गाडीच्या जातीला डिस्क परकी नाही. अडचण तुमच्या मेकॅनिकनं निवडलेल्या भागाची आहे. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची गाडी, चाक बारा इंची. तिची पातळ डिस्क नऊशे किलोच्या गाडीवर लावून चार माणसं घेऊन घाट उतरायचा म्हणजे ज्यासाठी डिस्क लावली तोच फायदा घालवायचा. शिवाय बोल्टांचं वर्तुळ, म्हणजे चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. मारुती ८०० चं ११४.३ मिलिमीटर, फियाटचं ९८. म्हणजे प्रत्येक भोक केंद्राकडे आठ मिलिमीटर सरकवावं लागतं. १२ मिलिमीटरच्या बोल्टासाठी नवं भोक जुन्याला खाऊनच जातं, डिस्क ४५ अंश फिरवून जुन्या भोकांच्या मधोमध पाडली तरच धातू शिल्लक राहतो. वेल्डिंगनं भोक बुजवून पुन्हा पाडतो असं कोणी म्हणालं तर गाडी घेऊन सरळ घरी या. फियाटच्याच नंतरच्या गाड्यांचं, उदाहरणार्थ पालिओचं, वर्तुळ ९८ चंच आहे, आणि ती वजनालाही पद्मिनीपेक्षा कमी नाही. शोध तिथून सुरू करा. डिस्क-कॅलिपर (कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा भाग) चौदा इंची रिममध्ये मोकळं फिरतंय का, आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेल्यावर होज ताणला किंवा घासला जात नाही ना, हे चाक लावून आणि लोंबकळत ठेवून, दोन्ही वेळा बघायचं.

कॅलिपर ज्या पट्टीवर बसतो तो ब्रॅकेट म्हणजे या सगळ्या कामाचा जीव. जोराच्या ब्रेकला वजन पुढे येतं. बाराशे किलोतला ६५ टक्के भार पुढच्या चाकांवर धरला, ०.७ घर्षण धरलं, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, तर एका पुढच्या चाकावर सुमारे ८०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पॅड डिस्कच्या केंद्रापासून ९ सेंटिमीटरवर पकडत असतील तर तो ब्रॅकेट जवळपास नऊशे किलोचा जोर खातो. प्रत्येक जोराच्या ब्रेकला. चार मिलिमीटरची पट्टी वाकवून, ग्राइंडरनं कापून, स्टबला (चाक ज्यावर फिरतं त्या अ‍ॅक्सलला) वेल्ड मारून हे काम होत नाही. जाड स्टील प्लेट, मशीननं कापलेली, मूळच्या बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) बोल्टांवर बसणारी, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे. स्टब अ‍ॅक्सलवर वेल्डिंग अजिबात नको. तो भाग उष्णता देऊन घडवलेला असतो, वेल्डच्या कडेला तो ठिसूळ होतो आणि तुटतो तेव्हा चाकासकट तुटतो.

डिस्क लावली की हायड्रॉलिकचं गणितही बदलतं. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये बऱ्याचदा लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात, दहा किलोमीटरवर चाकाला हात लावता येत नाही. पुढच्या सर्किटमधून तो काढावा लागतो. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कला ती मदत नसते, म्हणून पायाचा जोर वाढतो आणि पायाला मदत करणारा बूस्टर लागतो. वेगळा बसवायचा बूस्टर जागेला सोयीचा, पण तो एका सर्किटवरच काम करतो. टँडम असेल तर तो पुढच्या सर्किटवर टाका. मागे ड्रमच राहू द्या. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, त्यामुळे ओल्या मोकळ्या जागेत कमी वेगात पुढची चाकं आधी लॉक होताहेत याची खात्री झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

खडखडीबद्दल. पुढचं चाक उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर किंगपिन गेले. उभ्या राहिलेल्या गाडीत ग्रीस वाळून दगड होतं, निपलमधून नवं ग्रीस आत शिरतच नाही, बाजूनं बाहेर येतं आणि गॅरेजमधला पोरगा म्हणतो ‘केलं ग्रीस’. किंगपिन, आर्मचे बुश, टाय रॉड एंड, आयडलर आणि अँटीरोल बारची रबरं एका वेळी करा. बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर उतरवून, वजन टाकून मग आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. अर्ध्या गॅरेजमध्ये हे पाळत नाहीत, आणि मग ‘हल्लीची रबरं चांगली येत नाहीत’ म्हणतात. येत नाहीत हेही खरंच आहे. जुना ओरिजिनल माल कुर्ल्याच्या बाजारात अजून दिसतो, गाडीच कुर्ल्याला बनायची. धातूचा भाग असेल तर घ्या. रबर मात्र डब्यात पडल्या पडल्याही म्हातारं होतं, वीस वर्षं जुनं ओरिजिनल रबर घेऊ नका. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, त्यानंतर या मालाला रोजचं गिऱ्हाईक उरलेलं नाही. मिळतंय तोवर किंगपिनचा एक जादा सेट घेऊन ठेवा.

मागचे पाटे नुसते स्प्रिंगचं काम करत नाहीत. अ‍ॅक्सल जागेवर धरतात, ब्रेकचा आणि इंजिनचा पीळ सोसतात, गाडी बाजूला सरकू देत नाहीत. ते काढून कॉइल लावायचे तर हे सगळं काम करणारे वेगळे आर्म आणि आडवा रॉड लागतो, आणि त्यांचे माउंट मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) बॉडीला वेल्ड करावे लागतात. तेही जिथे बॉडी गंजलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथे. आधी शॅकलच्या (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या दुव्याच्या) आसपासच्या पत्र्यात जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत शिरला तर ब्रेकचं सगळं काम थांबवून आधी पत्राकाम. पाटे खोलून, घासून, कमान देऊन, नवे बुश आणि सेंटर बोल्ट घालून परत बसवले की मागचा भाग छान बसतो. टॅक्सीवाले जादा पाटा टाकायचे, ते सहा माणसं आणि टपावरच्या बॅगांसाठी. तुम्ही टाकलात तर मागचं चाक प्रत्येक स्पीडब्रेकरला उडेल.

गाडी खाली करण्याबद्दल. पुढची कॉइल कापली की ती आखूड होते तशी कडकही होते, कारण कमी वेढे म्हणजे जास्त ताठ स्प्रिंग. आर्मचे कोन बदलतात, खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग स्वतःच वळतं. आणि ठाण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवरचे स्पीडब्रेकर बघता सायलेन्सर पहिल्याच दिवशी जाईल. शॉकअप घेताना फक्त ‘पद्मिनीचे’ म्हणून घेऊ नका. जुन्याची पूर्ण उघडी आणि पूर्ण बंद लांबी मोजून न्या. नवा बंद लांबीला जास्त असेल तर बंप स्टॉपच्या (चाकाची चाल अडवणाऱ्या रबराच्या) आधी शॉकअपच ठोकर खातो आणि माउंट तुटतो.

टायर रेडियल घ्या, चारही. पुढे रेडियल आणि मागे जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय ही जोडी सगळ्यात धोकादायक, मागचा भाग वळणावर सुटतो. मूळचा ५.२०-१४ होता, त्याच्या उंचीला १६५/८० आर १४ जवळ येतो आणि सहज मिळतो. रिमची रुंदी त्याला चालते ना बघा. जुन्या रिमला ट्यूबलेस टायर धरून ठेवणारी कड नसते, आत ट्यूब घालाच. अलाइनमेंटवाल्याच्या संगणकात पद्मिनीचे आकडे बहुधा नसतील. मॅन्युअलमधले कागदावर लिहून न्या, नाहीतर तो जवळपासच्या कुठल्यातरी गाडीचे टाकेल.

आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे अधोरेखित केलं. आरसीवर ब्रेकचा प्रकार नसतो, त्यामुळे मूळ बोल्टांवर बसणारी, परत काढता येणारी डिस्क आणि बॉडी कापून केलेलं कॉइलचं काम, यांत बराच फरक आहे. तरी ठाण्याच्या आरटीओत फिटनेसच्या आधी लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर त्यांचा सर्व्हेअर शोधून काढतोच. पुढेमागे व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, तुमच्या गाडीची २०३६ मध्ये होतील. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, मूळ मास्टर सिलिंडर ग्रीस लावून खोक्यात जपून ठेवा.

खर्चाचा आकडा मी देत नाही. गाडी न बघता दिलेला आकडा चुकतोच, आणि पत्र्याचं काम निघालं तर दुप्पट होतो.

काम झाल्यावर रविवारी सकाळी एमआयडीसीचा रिकामा रस्ता गाठा. आधी तीसच्या वेगात, सरळ, स्टीअरिंग हलकं धरून ब्रेक मारा. ओढ नसेल तर पन्नासपर्यंत न्या. मध्ये वेळ देत आठ-दहा मध्यम ब्रेक मारा म्हणजे लायनिंग बसेल. मग थांबून चारही हबजवळ हाताचा मागचा भाग न्या, पुढच्या दोघांची ऊब सारखी हवी. एक गार आणि एक भाजतंय, तर होजच्या प्रयोगाकडे परत या. घरी आल्यावर पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा, हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर आतून सुटतोय किंवा कुठेतरी गळतंय. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, ड्रमचा अ‍ॅडजस्टर एकदा घ्या. पहिली लांब फेरी लोणावळ्याची ठेवा, नाशिकच्या वाटेवरचा कसारा घाट त्यानंतर. उतरताना घाट लागायच्या आधीच दुसरा गिअर टाका, कारण या गाडीचा स्टीअरिंगवरचा गिअर उतारात घाईनं खाली आणायला गेलात तर हमखास अडतो.